बिघडलेल्या भुवईचा हिशेब

भुवई हा चेहऱ्याचा लहानसा, पण फार बोलका भाग. राग, संशय, आश्चर्य, कौतुक यांची पहिली बातमी बहुधा भुवईच देते. संस्कृत कवींनी तिला धनुष्याची उपमा दिली, तर मराठीत सुरेख भुवईला 'कोरलेली' म्हणण्याची रीत पडली. हे विशेषण अलीकडे अक्षरशः खरे ठरू लागले आहे. बारीक सुयांच्या पात्याने त्वचेत केसासारख्या रेघा ओढून त्यांत रंग भरण्याची 'मायक्रोब्लेडिंग' ही पद्धत, तसेच यंत्राच्या सुईने ठिपक्याठिपक्यांनी रंग भरून पावडर लावल्यासारखा परिणाम साधण्याची पद्धत, या दोन्ही आता महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. घरात लग्नकार्य निघाले की साडी, दागिने, मेंदी यांच्या यादीत भुवयांचेही नाव येते.

बहुतेकींना परिणाम पसंत पडतो. काहींच्या वाट्याला मात्र निराळाच अनुभव येतो. एक भुवई वर, दुसरी खाली; रंग कोळशासारखा काळा, अथवा वर्षभराने विटकरी; आकार असा की चेहरा कायम रागावलेला दिसावा. साडी पसंत पडली नाही तर ती कपाटात ठेवता येते. भुवई मात्र रोज आरशात आणि चारचौघांत सोबत असते. अशा वेळी काय करावे, याचा निर्णय पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात, रडण्याच्या आणि धावपळीच्या भरात घेतला जातो. पहिल्या चुकीपेक्षा मोठे नुकसान अनेकदा या घाईनेच होते.

गोंदण आणि भुवई यांतील फरक

त्वचेत रंग भरणे आपल्या समाजाला नवे नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गोंदण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट ठिपके आणि नक्षी काढणाऱ्या गोंदणारणी गावोगाव फिरत. दागिने इथेच राहतात, गोंदण मात्र माणसाबरोबर जाते, अशी त्यामागे श्रद्धा होती. त्या गोंदणाने आपण गोंदण आहोत हे कधी लपवले नाही. ठिपका जरा वाकडा पडला तरी कोणाचे काही बिघडत नसे.

भुवईच्या रंगकामाची अट नेमकी उलटी आहे. ते केलेले आहे हे कळताच कामा नये. म्हणून तिथे सुताएवढा फरकही डोळ्यांना खुपतो. शिवाय भुवयांची फॅशन दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते. १९९० च्या दशकात दोऱ्याइतक्या बारीक भुवयांची चलती होती, पुढे दाट आणि रुंद भुवया आल्या. त्वचेतला रंग या लहरीबरोबर बदलत नाही.

हे सारे नटण्यामुरडण्याचे चोचले आहेत, असेही समजू नये. चाई पडल्यामुळे, थायरॉइडच्या विकारामुळे अथवा कर्करोगावरील केमोथेरपीमुळे भुवया विरळ होणाऱ्या किंवा पूर्ण गळणाऱ्या स्त्रिया असतात. चेहरा पुन्हा स्वतःचा वाटावा एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यांच्या बाबतीत काम बिघडले तर दुःखही दुप्पट होते.

रंग राहतो कुठे, जातो कसा

निर्णयापूर्वी त्वचेचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. त्यामुळे फक्त त्या थरात बसलेला रंग खपल्यांबरोबर निघून जातो. टिकणारा रंग त्याखालच्या थरात असतो. शरीर त्याला परका पदार्थ मानते आणि संरक्षक पेशी त्याचे कण गिळून धरून ठेवतात. अशी पेशी मेली की मोकळे झालेले कण शेजारची नवी पेशी उचलते. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये ही देवाणघेवाण दाखवून दिली. गोंदण आयुष्यभर का टिकते, याचे उत्तर त्यातून मिळते. भुवईतला रंग तुलनेने उथळ भरला जातो, म्हणून तो साधारणपणे एक ते तीन वर्षांत फिका पडतो. सुई खोल गेली असेल तर तो बराच अधिक काळ राहतो.

दुसरी बाब दिवसांची. काम झाल्यावर पहिले काही दिवस भुवई सुजलेली, रुंद आणि अपेक्षेपेक्षा बरीच गडद दिसते. मग खपल्या निघतात आणि रंग जवळजवळ गेल्यासारखा वाटतो. त्यानंतर तो हळूहळू पुन्हा वर येतो. भुवईचे खरे रूप सहा ते आठ आठवड्यांनी दिसते, आणि म्हणूनच चांगले कारागीर 'टच-अप'ची तारीखही त्याच सुमारास देतात. चौथ्या दिवशी आरशासमोर घेतलेला निर्णय हा माल गाडीतून उतरण्यापूर्वीच त्याची प्रतवारी ठरवण्यासारखा आहे.

तिसरी बाब रंगाच्या घटकांची. लोहाच्या संयुगांपासून केलेल्या तपकिरी रंगातील काही घटक लवकर फिके पडतात आणि मागे लालसर, विटकरी छटा उरते. कार्बनचा काळा रंग टिकाऊ असतो, पण त्वचेखालून पाहताना तो निळसर-राखाडी भासतो. फिकट छटांसाठी पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे लेझरच्या वेळी तेच अडचणीत आणते.

आधी तक्रार नेमकी ओळखावी

'भुवई बिघडली' या दोन शब्दांत अनेक निरनिराळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

भुवई फार गडद झाली, ही सर्वांत सौम्य तक्रार. काळ हाच तिचा मुख्य उपाय. रंग लाल किंवा निळसर झाला असेल, तर कुशल हाताला विरोधी छटेने तो सावरता येतो. एका भुवईत कमी भरले गेल्याने दोन्ही असमान दिसत असतील, तर टच-अपमध्ये ते साधते. याउलट रंग नैसर्गिक भुवईच्या रेषेबाहेर, कपाळावर किंवा पापणीच्या बाजूला गेला असेल, तर आणखी रंग भरून तो दुरुस्त होत नाही. तो उतरवावाच लागतो, अथवा फिका होईपर्यंत वाट पाहावी लागते.

आरोग्याची तक्रार या सर्वांपासून वेगळी काढावी. लाली पसरत जाणे, वाढती सूज, पू, ताप, असह्य ठणका ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. तिथे वाट पाहू नये आणि पार्लरमध्येही परत जाऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. महिन्यांनी किंवा वर्षांनी रंगाच्या जागी खाज सुटली, गाठी उठल्या, तरीही त्वचारोगतज्ज्ञांनीच पाहिले पाहिजे. रंगाची अॅलर्जी असेल तर लेझरने फुटलेल्या कणांमुळे ती बळावू शकते, म्हणून ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

मागे फिरता येईल तो उपाय आधी

तक्रार आरोग्याची नसून दिसण्याची आहे हे एकदा नक्की झाले, की उपायांचा क्रम ठरवण्याची एक साधी कसोटी आहे. ज्या उपायातून मागे फिरता येते तो आधी योजावा आणि ज्यातून फिरता येत नाही तो शेवटी.

या क्रमात पहिला उपाय थांबण्याचा. किमान दोन महिने काहीही करू नये. दुसरा झाकण्याचा. त्वचा पूर्ण भरून आल्यावर कन्सीलरने कडा झाकता येतात, भुवईच्या पेन्सिलीने असमानता सावरता येते, नैसर्गिक केस थोडे वाढू दिले तर बऱ्याच रेघा त्यांतच दडतात. लग्न पंधरा दिवसांवर आले असेल, तर हाच एकमेव शहाणा मार्ग आहे. लग्नाचा मेकअप करणाऱ्या बाईंना आधीच विश्वासात घेतले, तर छायाचित्रांत काही कळतही नाही. तिसरा उपाय टच-अप किंवा रंगसुधारणेचा. तो मात्र आणखी रंग घालण्याचा आहे, म्हणून पूर्वीचेच हात पुन्हा योजावेत का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. फुकट टच-अप मिळतो म्हणून खुर्चीत जाऊन बसणे ही बचत नसते. ज्या हाताने पहिली रेघ चुकली, त्या हाताने ती का चुकली हे सांगितल्याशिवाय दुसरी रेघ ओढू देऊ नये.

एक उपाय मात्र टाळलेला बरा. चुकलेल्या रेघेवर त्वचेच्या रंगाची शाई भरून ती 'पुसून' देण्याचे आश्वासन काही ठिकाणी दिले जाते. बँकेच्या व्यवहारात थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडल्याचे दाखवण्याची एक वाईट चाल असते. खाते काही काळ निरोगी दिसते, पण येणे वाढतच जाते. त्वचेच्या रंगाच्या शाईचेही तसेच आहे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आपल्या त्वचेचा रंग बदलतो, शाईचा बदलत नाही. मग भुवईभोवती फिकट डाग उठून दिसतो. शिवाय या शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते, आणि पुढे लेझरने भुवई उतरवायची वेळ आली तर तीच आडवी येते.

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट सांगितले पाहिजे. मिठाने घासणे, लिंबाचा रस चोळणे, ऑनलाइन मिळणारी आम्लयुक्त मलमे लावणे यांनी खालच्या थरातला रंग निघत नाही; वरची कातडी तेवढी सोलली जाते. डोळा तिथून बोटभर अंतरावर आहे, हेही विसरू नये. सुईने क्षारयुक्त द्राव त्वचेत घालून रंग ओढून काढण्याची पद्धत काही पार्लरमध्ये वापरतात. तिच्यातही तीच त्वचा पुन्हा जखमी होते. व्रण आणि पांढरे डाग पडण्याची शक्यता तिथेही असतेच.

लेझर: सामर्थ्य आणि मर्यादा

ठरावीक रंगाचा, अत्यल्प काळ टिकणारा प्रकाश वापरून आजूबाजूची त्वचा फारशी न दुखावता नेमके लक्ष्य फोडता येते, हा सिद्धान्त अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडला. लेझरने गोंदण काढण्याचे आजचे शास्त्र त्यावर उभे आहे. प्रकाशाचा आघात रंगाच्या कणांचे बारीक तुकडे करतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. हे वाहून नेणे शरीराच्या गतीने होते, म्हणून दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. 'एका बैठकीत साफ' अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे.

भारतीय त्वचेच्या दृष्टीने एक तपशील मोलाचा आहे. एनडी-यॅग लेझरचा १०६४ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश त्वचेतील नैसर्गिक रंगद्रव्य कमी शोषते, म्हणून गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी तो तुलनेने सुरक्षित मानतात. काळ्या शाईवर तो चांगले काम करतो. लाल छटांसाठी ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि तो आपली त्वचा अधिक शोषते. त्यामुळे काळे किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका वाढतो. यंत्र कोणते, यापेक्षा ते चालवणाऱ्याला अशा त्वचेचा अनुभव किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

भुवईच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. लोहाची तांबूस संयुगे आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्यावर लेझर पडला की रासायनिक बदल होऊन ती क्षणात काळी पडू शकतात. अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच सौंदर्यगोंदणातील हा दोष नोंदवला होता. फिकट तपकिरी भुवई उतरवायला गेलेली स्त्री काळीकुट्ट भुवई घेऊन परत येऊ शकते. हा काळेपणाही बहुधा पुढच्या बैठकांत उतरवता येतो, पण आधी कल्पना नसेल तर धक्का मोठा बसतो. म्हणून आधी एखाद्या कोपऱ्यातील लहानशा ठिपक्यावर चाचणी करून काही आठवडे थांबणे, ही सावधगिरी प्रत्येकीने मागून घ्यावी. बैठकीच्या वेळी डोळ्यांना योग्य संरक्षक कवच असलेच पाहिजे. भुवईचे केस काही काळ पांढरे होऊ शकतात, तेही आधी ठाऊक असावे. काम त्वचारोगतज्ज्ञांकडेच व्हावे. केलॉइड म्हणजे वाढणारे व्रण होण्याची प्रवृत्ती, मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधे किंवा मुरमांसाठी चालू असलेले आयसोट्रेटिनॉइन यांची माहिती त्यांना आपण होऊन द्यावी.

बुडालेले पैसे निर्णयातून वजा करावेत

व्यापारी कुटुंबांना एक नियम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिल्लक मालाचे मूल्य खरेदी किंमत आणि बाजारभाव यांपैकी जे कमी असेल त्याने धरायचे. दहा हजारांना घेतलेला माल आज दोन हजारांचा असेल, तर तो दोन हजारांचाच. अर्थशास्त्र अशा गेलेल्या रकमेला बुडीत खर्च म्हणते आणि पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये असे सांगते.

दुकानात हा नियम सहज पाळणारी माणसे घरात मात्र अडखळतात. 'एवढे पैसे घातलेत, आता आणखी थोडे घालून ती नीट करून घे', असे म्हटले जाते. किंवा याच्या उलट, 'एवढे पैसे घातलेत, आता काढून कशाला टाकतेस?' दोन्ही वाक्यांत गेलेले पैसे बोलत असतात. खरे प्रश्न तीनच आहेत. आजपासून काहीच केले नाही तर ही भुवई वर्षभराने कशी दिसेल? करायचे ठरवलेल्या उपायात त्वचेला किती धोका आहे? आणि त्या स्त्रीला रोज किती त्रास होतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच द्यायचे आहे.

कागद, हक्क आणि घटकांची चौकशी

तक्रार करायची असो वा नसो, कागदपत्रे जपावीत. बिल, ऑनलाइन भरणा केल्याची नोंद, संमतीपत्राची प्रत, कामापूर्वीची आणि नंतरची तारखेसह छायाचित्रे, शाईचे नाव आणि बॅच क्रमांक यांची एक फाइल करावी. पुढे डॉक्टरांनाही शाईच्या तपशिलाचा उपयोग होतो. पार्लरला आधी लेखी कळवावे. भाषा संयमाची असावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.

शाईच्या बाबतीत जगभर सावधपणा वाढतो आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००३ आणि २००४ मध्ये परमनंट मेकअपच्या काही छटांबद्दल दीडशेहून अधिक तक्रारी आल्या होत्या. त्वचेत टोचण्यासाठी म्हणून एकही रंगद्रव्य या संस्थेने मान्य केलेले नाही. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि परमनंट मेकअपच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचून मगच तो घरात घेणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक चौकशी करावी. काही शायांत हाडांच्या कोळशापासूनचा काळा रंग, प्राणिज ग्लिसरीन, जिलेटिन किंवा लाख असू शकते. या घटकांशिवाय केलेल्या शायाही मिळतात, पण त्या मागून घ्याव्या लागतात. रक्तदान शिबिरांना नेमाने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की गोंदवून घेतल्यावर आपल्याकडील नियमांप्रमाणे वर्षभर रक्तदान करता येत नाही. पुढे कधी एमआरआय तपासणी करावी लागली, तर तंत्रज्ञाला भुवईतील रंगाची कल्पना द्यावी. लोहयुक्त शाईमुळे त्या जागी क्वचित चुरचुर किंवा सूज होते.

घरातल्यांचे काम

अशा प्रसंगी भुवईइतकेच मनही दुखावलेले असते. एरवी उत्साहाने वावरणारी सून किंवा लेक समारंभाला जाण्याचे टाळते, फोटोच्या वेळी मागे सरते, केस कपाळावर ओढून घेते. 'कोणी सांगितले होते करायला?' हा प्रश्न तिने स्वतःला शंभर वेळा विचारलेला असतो. घरातल्यांनी तो एकशे एकाव्या वेळी विचारून काही साधत नाही. 'काही दिसत नाही गं' असे खोटे समाधानही तिला पटत नाही, कारण आरसा तिच्याही घरात आहे.

त्यापेक्षा उपयोगी मदत करता येते. सासूबाईंनी किंवा आईने तज्ज्ञांकडे सोबत जावे. विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यावेत. ज्या उपायाचा आग्रह एखादी जागा 'आजच करा, सवलत आजच आहे' म्हणून धरते, तिथून नम्रपणे उठून यावे. पतीने उपचाराच्या खर्चाला दवाखान्याचा खर्च मानावे, हौसेचा नव्हे. आणि दोन महिन्यांनंतर तिनेच आरशात पाहून म्हटले, 'राहू दे, आता मला चालते', तर तोही पूर्ण निर्णय समजावा. पुष्कळ भुवया अशाच, वेळ दिल्याने, सुसह्य होतात. ज्या होत नाहीत त्यांच्यासाठी लेझरचा मार्ग वर्षभरानेही खुला असतो. घाईने उमटलेला व्रण मात्र कोणत्याही यंत्राने पूर्ण पुसता येत नाही.